सत्तावीस नंबर

पाषाणच्या टेकडीमागे, जिथे रिक्षावाले
"मॅडम, पुढं काही नाही" म्हणून मीटर थांबवतात,
तिथून पुढे माझं ऑफिस.
आत बेचाळीस माद्या, लाल तोंडाच्या,
आणि माझ्या गळ्यात एक स्टॉपवॉच.

काम सोपं. खांदे पडलेत का,
मान गुडघ्यांपर्यंत आलीय का,
डोळे उघडे आहेत पण बघत नाहीत, असं झालंय का.
झालं की बटण दाबायचं,
ती हलली की परत दाबायचं,
मधला वेळ रकान्यात.
तक्त्यावर दुःख हा शब्द नाही.
तो आपण बाहेरून आणायचा नाही,
डॉक्टर खासगीवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दर एक तारखेला गट मोडतात.
पिंजऱ्यात नव्या चौघी,
पहिलं केळं कोण उचलणार ते पुन्हा ठरतं.
एका सकाळीत ठरतं. आवाज होतो, एखादा कान फाटतो,
मग खालची ती खालीच.
तिच्या रक्तात कॉर्टिसॉल चढतं,
पाळी चुकते, अंडाशय गप्प होतं,
आणि हृदयाच्या नळीत, आतल्या अंगाला,
काहीतरी धरायला लागतं.
बंबात क्षार धरतो तसं, पाचारणे म्हणतो.
खाणं तर सगळ्यांना सारखंच, मोजून दिलेलं.

सत्तावीस नंबर तीन वर्षं खालीच आहे.
पिंजरे धुणारा पाचारणे तिला वहिनी म्हणतो.
का, विचारलं तर,
"सगळ्यांचं झाल्यावर जेवती, अन् जेवताना दाराकडं बघती."

मला एक्कावन्न पूर्ण.
एसी सोळावर असतो, तरी मानेवरून वाफ जाते.
हा माझा चौथा विभाग;
इथे पासवर्डसुद्धा
पंचविशीच्या मुलाकडे मागावा लागतो,
आणि तो "थांबा हं, मावशी" म्हणतो.
घरी रिमोट कुणाच्या हातात असतो, ते राहू दे.
कर्वे रोडच्या डॉक्टरांनी
ईसीजीची पट्टी उजेडाकडे धरून विचारलं,
"टेन्शन घेता का?"
घेता!
जणू कोपऱ्यावर मिळतं, अर्धा किलो.

मंगळवारी रक्त घ्यायचं होतं.
सिरिंज भरत होते, दुसरा हात जाळीला टेकलेला,
तर जाळीतून दोन बोटं आली
आणि माझ्या हातमोज्यावर, निळ्या रबरावर,
जिथे काहीच नव्हतं, तिथे शोधू लागली.
चिमटीत धरायची, ओठांशी न्यायची,
पुन्हा तिथेच यायची.
नियम आहे, हात लगेच मागे घ्यायचा.
माझ्या मनगटावरच्या घड्याळात नाडी दिसते:
ब्याण्णव.
अठ्ठ्याऐंशी.
एक्क्याऐंशी.
एकाहत्तरला मी हात मागे घेतला
आणि तिला सुई टोचली.

हे तक्त्यात नाही. रकानाच नाही त्याला.

मार्चअखेर या नळ्या कापून
भिंगाखाली त्यांची जाडी मोजतील.
निकाल उपयोगी पडेल, हे मला ठाऊक आहे.
माझ्याच वयाच्या कुणाला तरी.
कदाचित मलाच, त्याच कर्वे रोडवर,
एखाद्या छोट्या पांढऱ्या गोळीत.
तेव्हा ती मी पाण्याबरोबर घेईन. घेईनच.

काल तक्ते जमा करताना
एका कोऱ्या तक्त्यावर
पाचारणेचं वाकडं अक्षर दिसलं:
खुर्ची. १.१० ते १.३४. मान खाली. डबा उघडा, भाजी तशीच.
तो लांब झाडत होता,
रोज झाडतो त्याच्या बराच पुढे,
माझ्याकडे पाठ करून.

वजाबाकी त्याने केली नव्हती. मी केली.
चोवीस मिनिटं.
खाली सही करायला पेन टेकवलं,
निरीक्षकाच्या नावापुढे,
मग उचललं,
आणि वरच्या चौकोनात केली,
नंबर लिहितात तिथे.